गवताच्या निबंधावरचं तिसरं नाव

गेवराई, ६ जानेवारी २०२५

चि. गहिनीनाथ यास,

माझं एक काम तुझ्यावाचून अडलं आहे म्हणून लिहिते आहे. आठवण आली म्हणून नाही, हे आधीच सांगते. नाहीतर तू घरी बायकोला, सुकन्याला, म्हणशील, अक्का वितळली.

काम असं. विद्यापीठ आमच्या कॉलेजला संशोधन केंद्र देणार आहे. एकच. ते रसायनशास्त्राला द्यायचं की वनस्पतिशास्त्राला, हे ठरवायला समिती नेमली आहे. प्राचार्य धोंडीराम तिडके अध्यक्ष, संस्थेचे सचिव दुसरे, आणि निवृत्त ग्रंथपाल म्हणून तिसरी मी. दोन्ही विषयांच्या शिक्षकांच्या संशोधनाचा तुलनात्मक तक्ता मी करायचा आणि खाली सही ठोकायची. ज्या विषयाला केंद्र मिळेल त्याचा शिक्षक कायम होईल. दुसऱ्याचे तास बंद, आणि त्याची खोली रिकामी करून तिथे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका.

रसायनशास्त्राचा युवराज नागरगोजे. मुलगा कष्टाळू आहे, त्याच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. वनस्पतिशास्त्राची अफसाना शेख. तुला ती आठवत असेल. खाजामियाँ फळवाल्यांची थोरली. बी.एस्सी.ला असताना ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर बसायची. तू एकदा सुट्टीत आला होतास तेव्हा तिला सरासरी आणि मध्यांक समजावून सांगत होतास, आणि तिनं तुला तोंडावर विचारलं होतं, "सर, हे सगळं शिकून करायचं काय?" तू हसला होतास. उत्तर मात्र दिलं नव्हतंस.

ती आता डॉक्टर आहे. बालाघाटच्या डोंगरातल्या गवतांवर काम करते. इतकी वर्षं तासिकेवर शिकवते आहे, सुट्ट्यांचा पगार नाही. खोलीभर वाळवलेली गवतं तिनं कागदावर शिवून ठेवली आहेत, डांबराच्या गोळ्या स्वतःच्या पैशानं आणते. खोली गेली तर ती गवतं गोदामात जातील आणि पहिल्या पावसाळ्यात कसर लागून त्यांचा भुगा होईल.

आकडे असे. युवराजचे अठ्ठावीस निबंध, जगभरच्या लोकांनी त्यांचे केलेले उल्लेख सहाशे चाळीस. अफसानाचे सात निबंध, उल्लेख एक्केचाळीस. प्राचार्य म्हणाले, "बाई, यात तक्ता काय करायचा? सहाशे मोठं का एक्केचाळीस मोठं, चौथीचं पोरगं सांगंल."

चौथीचं पोरगं सांगेल, म्हणूनच मला सही करवत नाही. मी जन्मभर नियतकालिकं नोंदवली. रसायनशास्त्राचे अंक महिन्याच्या महिन्याला विटेसारखे यायचे. गवताझाडांचं त्रैमासिक असं की त्यावर चहाची बशी ठेवली तर झाकून जाई. जिथे लिहिणारेच हजारो, तिथे एकमेकांचा उल्लेख करणारेही हजारो. हे मला कळतं. पण कळणं वेगळं आणि समितीपुढे मांडणं वेगळं. मांडणं हा तुझा धंदा आहे. तू संख्याशास्त्राचा प्राध्यापक त्यावरच झालास.

तुझ्या त्या लेखाविषयी मी या पत्रात काही लिहिणार नाही. मी नोकरीत असताना रविवारच्या पुरवणीत तो आला, सोमवारी प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला आणि मध्ये मध्ये माझ्याकडे बघत चष्मा पुसला, हेही लिहिणार नाही.

दोघांच्या निबंधांची शीर्षकं आणि सालं सोबत आहेत. समितीची बैठक फेब्रुवारीच्या मध्यावर आहे. उत्तर पोस्टानं पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस.

अक्का


गेवराई, १८ जानेवारी

गहिनीनाथ,

तुझे कागद मिळाले. पत्र एका ओळीचं आणि हिशेब चार पानांचा, म्हणजे तू आहेस तसाच आहेस.

मला समजलं ते लिहिते, चुकलं असेल तर सांग. प्रत्येक निबंध घ्यायचा. त्याच साली, त्याच विषयात जगभर जे निबंध निघाले त्यांना सरासरी किती उल्लेख मिळाले ते बघायचं. मग आपल्या निबंधाच्या उल्लेखांना त्या सरासरीनं भागायचं. एक आला तर तो आपल्या विषयात चारचौघांसारखा. दोन आला तर दुप्पट. म्हणजे गवताची तुलना गवताशी आणि रसायनाची रसायनाशी, आणि मग दोघांचे भागाकार शेजारी ठेवायचे.

हे मला पटलं. तू सांगितलंस म्हणून नाही, पटण्यासारखं आहे म्हणून.

युवराजचा भागाकार एकाच्या किंचित वर, अफसानाचा सव्वाच्या आसपास. सहाशे आणि एक्केचाळीस कुठल्या कुठे गेले. वाचून मी उठून पाणी प्यायले. पण खाली तू लिहिलं आहेस, "या फरकावर कोणाचं घर बांधू नका. अफसानाचे निबंध सातच आहेत आणि एकच निबंध तिला वर ओढतो आहे. तो काढला तर ती एकाच्या खाली जाते." तो म्हणजे त्या हरवलेल्या गवताचा निबंध. शंभर वर्षांपूर्वी कोण्या इंग्रजानं नोंदवलेलं, नंतर कोणालाच न दिसलेलं गवत तिला इथल्या कड्यावर सापडलं, त्याचा. त्याला एकोणीस उल्लेख, आणि त्या साली तिच्या विषयातली सरासरी सहा.

म्हणजे सगळा भार एका काडीवर आहे. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

काल युवराज घरी आला होता. त्याला कुठून तरी कळलं आहे की मी सरळ बेरीज करत नाही. खुर्चीच्या टोकावर बसला.

"म्याडम, माझे निबंध खोटे हायत का?"

"नाहीत. मी एकेकाची नोंद बघितली."

"मग कावून कमी करायलात? माझ्या विषयात मानसं लई हायत, त्यात माझा काय गुन्हा? दोन वर्सं झाली, दिवाळीला गावाकडं गेलो न्हाई मी. भट्टीपुढं बसून होतो."

"कमी करत नाही युवराज. तुला तुझ्या लोकांत मोजते आहे."

"माझ्या लोकांत मोजल्यावर मी चारचौघांसारखाच निघनार की," तो म्हणाला आणि हसला. मला त्याचं हसणं सहन झालं नाही. तो चांगला मुलगा आहे. हरला तर त्याचेही तास जातील. हे तुझ्या चार पानांत कुठे येत नाही.

तो गेल्यावर खाजामियाँ आले. मोसंब्यांचं अख्खं पोतं हातगाडीवर घालून. मी दारातच अडवलं.

"हे काय?"

"तुमाला न्हाई बाई. तुमाला कोन देतंय, तुमी तर हाकलून द्याल. ह्ये समितीला."

"समितीला मोसंबी?"

"मग बैठकीत काय खातात लोकं? रस काढायची मशीन बी आनतो, पोरगं बसवतो दारात."

मी पोतं परत पाठवलं. जाताना म्हणाले, "बाई, तिची अम्मी आमिनाबी म्हनती, बीएड कर म्हनावं. गवत काय, बकरी बी खाती."  त्यांची झोप उडाली आहे एवढं दिसत होतं.

आता एक काम आणखी कर. तुझ्याकडे मूळ निबंध असतील. माझ्याजवळच्या छापील यादीत नुसतं "शेख अफसाना व इतर" असं आहे. ते इतर कोण, हे प्रत्येक निबंधावरून उतरवून पाठव. समिती विचारील. आमच्याकडे निबंध छापायला निघाला की प्राचार्यांचं नाव त्यावर जातं, ही रीत तुला माहीत आहे. लग्नपत्रिकेत पुढाऱ्यांची नावं "प्रमुख उपस्थिती" म्हणून छापतात तशी, असं तूच त्या लेखात लिहिलं होतंस. पुढारी येवो न येवो.

लेखाविषयी लिहिणार नाही म्हटलं होतं. हे लेखाविषयी नाही, कामाविषयी आहे.

अक्का


गेवराई, २७ जानेवारी

गहिनीनाथ,

तुझी यादी परवा आली. हरवलेल्या गवताच्या निबंधासमोर तू पेन्सिलनं गोल केला आहेस आणि लिहिलं आहेस, "अक्का, तिसरं नाव बघ."

बघितलं. शेख अ., तिडके धों., घुमरे वि.

आधी मला वाटलं, दुसरी कोणी घुमरे असेल. आपल्या भागात घुमरे काही कमी नाहीत. मग खाली कॉलेजचा पत्ता बघितला, ग्रंथालय विभाग. त्या विभागात मी आणि एक शिपाई होतो, आणि शिपायाचं नाव हरिबा.

मला हे माहीत नव्हतं. तुला हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. तिनं मला निबंध दाखवला होता तो टाइप केलेला, नावांविना. छापून आल्यावर पेढे घेऊन आली, अंक घेऊन आली नाही. अंक परदेशातला, आमच्याकडे येतच नव्हता.

अफसानाला बोलावून घेतलं. ती पायरीवरच थांबली, तोंड बघून तिला कळलं असावं. मी यादी पुढे केली.

"हे कोणी केलं?"

"मी केलं बाई."

"कोणाला विचारून?"

"तुमाला इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता."

"नक्कीच म्हटलं असतं. म्हणूनच विचारायचं असतं!"

तेव्हा ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, चिडली. माझ्यापुढे ती पहिल्यांदाच चिडली.

"बाई, सरांचं नाव टाकावंच लागतं. त्यानला ते गवत दाखवलं तर ते म्हनतील हे म्हशीला घाला. त्यांचं नाव दोन नंबरला. आन् त्या इंग्रजाचं जुनं वर्णन तुमी आनलंत. कलकत्त्याला पत्रं लिवली, सहा महिने लिवत होता. ते आलं न्हाई तर मला कसं कळनार हेच ते गवत? ज्यानं काईच केलं न्हाई त्याचं नाव, आन् ज्यानं केलं त्याचं न्हाई? मलाच खाल्लेलं पचंना. म्हनून टाकलं."

मी म्हटलं, संदर्भ शोधून देणं हे ग्रंथपालाचं काम आहे, त्याचा मला पगार होता. फार तर शेवटी आभारात एक ओळ लिहायची असते.

"आभार कोन वाचतंय बाई," ती म्हणाली. "आमच्याकडं मान द्यायचा तर वरच द्यावा लागतो."

गहिनीनाथ, हे तुझ्या लेखात बसत नाही. तू लिहिलं होतंस की ही नावं भीतीपोटी आणि लाचारीपोटी घातली जातात. हे नाव या पोरीनं कशापोटी घातलं ते मी लिहीत नाही, तुला कळेल.

पण झालं ते झालं, आणि त्याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला. विद्यापीठाच्या परिपत्रकात स्पष्ट आहे, उमेदवाराचा सहलेखक समितीवर असता कामा नये. जी काडी तिला वर उचलते, तिच्यावरच माझं नाव आहे. मी तक्त्यावर सही केली आणि उद्या कोणी हे वर काढलं, तर सगळे म्हणतील बाईनं स्वतःचाच निबंध वर काढला आणि त्यासाठी भागाकाराची नवी रीत आणली. रीतही भावाकडून आणली. आणि मी बाजूला झाले, तर समितीत उरतात प्राचार्य आणि सचिव, आणि चौथीच्या पोराचा हिशेब.

गप्प बसले तर कदाचित कोणाला कळणारही नाही. "व इतर" मध्ये सगळं झाकलेलं आहे. अफसानानं जाताना तेच विचारलं. "बाई, कुनाला कळनार हाय?"

मला कळलं आहे, म्हटलं. घरी जा आणि गवतांना गोळ्या घाल.

काय करावं हे तुला विचारत नाही. काय करायचं ते मला माहीत आहे. केल्यानंतर तिचं काय होईल, एवढंच माहीत नाही. तुझा यावर काही अनुभव असेल तर लिही.

अक्का


गेवराई, ४ फेब्रुवारी

गहिनीनाथ,

तू फोन केलास. करू नको म्हटलं होतं. आणि वाक्य पुरं होऊ दिलंस, हे मी नोंदवून ठेवते. पण तू म्हणालास, "अक्का, राजीनामा दे आणि मोकळी हो." मोकळी होऊन मी काय करू? माझ्या मोकळं होण्यानं ती अडकते.

मी शुक्रवारी प्राचार्यांकडे गेले. निबंध पुढे ठेवला, माझं नाव दाखवलं आणि म्हटलं, मला समितीवर बसता येणार नाही.

त्यांनी बघितलं आणि मोठ्यानं हसले. "बाई, लग्नपत्रिकेत नाव छापलं म्हणून कोनी नवरीचा मामा होत नसतंय! तुमचाच भाऊ लिहून गेला न्हाई का? बसा निवांत. सही करा. कोन बघतंय?"

नंतर हसणं आवरून म्हणाले, "फक्त ते भागाकाराचं राहू द्या. साधी बेरीज करा. मग मलाबी त्या निबंधात डोकं घालायची गरज न्हाई, तुमालाबी न्हाई."

म्हणजे त्यांनी सौदा मांडला. बेरीज कर, मी डोळे मिटतो. इतक्या गोड शब्दांत की उठून बाहेर आल्यावर मला तो सौदा आहे हे कळलं.  मी हरिबाच्या जुन्या स्टुलावर बसले.

सोमवारी वनस्पतिशास्त्राच्या दारावर नोटीस लागली. खोली महिनाअखेर रिकामी करावी, अभ्यासिकेचं फर्निचर येणार आहे. बैठक अजून व्हायची आहे! अफसानाचे तासही निम्मे केले, "वेळापत्रकाच्या सोयीसाठी". खाजामियाँ बसस्टँडवर भेटले. मोसंबी तोलता तोलता म्हणाले, "बाई, तुमी काई करू नका आता. तुमी केलं की तिचे तास कमी होत्यात." माझ्याकडे बघितलंही नाही. तू कधी असं ऐकलंस का? मी तीस-पस्तीस वर्षं त्या कॉलेजात होते, मला असं कोणी बोललेलं नव्हतं, आणि तो माणूस चुकीचं बोलला नाही.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. तुझी ती यादी घेऊन बसले. तुझी सवय वाईट आहे, मी अफसानाची मागितली तर तू युवराजचीही पाठवलीस. सगळ्या निबंधांवरची सगळी नावं. मी एकेक ओळ वाचत गेले. युवराजच्या अठ्ठाविसांच्या अठ्ठावीस निबंधांवर दुसरं नाव: तिडके धों. अफसानाच्या सातही निबंधांवर: तिडके धों.

वाचताना मला उशिरा उमगलं, तुला पाठवतानाच दिसलं असणार. परिपत्रकातला नियम माझ्यासाठी आहे तर तो सगळ्यांसाठी आहे. एका निबंधावर नाव असल्यानं मी बसू शकत नसेन, तर दोन्ही उमेदवारांच्या झाडून सगळ्या निबंधांवर ज्यांचं नाव आहे ते अध्यक्ष कसे बसतील? ते म्हणतील, ते नाव नुसतं मानाचं आहे. म्हणू देत. तसं लेखी द्यावं लागेल.

माझं नाव उघड केल्याशिवाय त्यांच्या नावाला हात लावता येत नाही. आणि उघड केलं की माझी तिथली खुर्ची गेलीच. हे दोन्ही एकाच अर्जात करायचं आहे.

पण अर्ज माझा, मार तिला. म्हणून आधी तिला विचारलं. यावेळी मी विचारलं. ती गवताचे कागद एकावर एक रचत होती, वर्तमानपत्राचे तुकडे मध्ये घालून. हात थांबवला नाही.

"तास तर गेलेच हायत बाई. खोलीबी चाललीच हाय. अर्ज दिला तर काय जाईल आनखी?"

"उरलेले तास जातील. पुढे कुठल्याही कॉलेजात मुलाखतीला गेलीस तर तक्रारखोर हे नाव तुझ्या आधी पोचलेलं असेल."

तिनं शेवटचा कागद ठेवला, वर फळी ठेवली, त्यावर दोन विटा. मग म्हणाली, "द्या. पर एक ओळ माझीबी घाला. बाईंचं नाव मी न विचारता टाकलं. चूक माझी हाय."

मी तशी ओळ घातली. तिनं सही केली. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं.

युवराजलाही सांगितलं. त्यानं अर्ज वाचून माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "म्याडम, मी सही करनार न्हाई. पर मी न्हाई बी म्हननार न्हाई." इथे एवढं धैर्य पुष्कळ आहे.

अर्ज उद्या सचिवांच्या हातात देते. विद्यापीठाला प्रत. आता माझी छाती धडधडते आहे आणि ते वयामुळे आहे.

अक्का


गेवराई, १३ फेब्रुवारी

चि. गहिनीनाथ यास,

सचिवांनी अर्ज वाचला, दोनदा चष्मा बदलला, आणि म्हणाले, "बाई, तुमी आमचं लग्नच मोडलंत." मग विद्यापीठातून त्यांना फोन आला. काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पत्र आलं, ते जसंच्या तसं सांगते.

जुनी समिती रद्द. प्राचार्य आणि मी दोघेही बाजूला. दोन्ही उमेदवारांचं काम बाहेरचे दोन तज्ज्ञ वाचतील, एक गवताचा, एक रसायनाचा, दोघेही पुण्यातले. उल्लेखांची नुसती बेरीज धरली जाणार नाही. प्रत्येकाचा विषय आणि साल बघून केलेला हिशेब जोडावा, आणि निबंध स्वतः वाचावेत. तोवर कोणतीही खोली रिकामी करायची नाही.

म्हणजे अफसाना जिंकलेली नाही. तिचा सव्वा आणि त्याचा एक, दोन्ही त्या तज्ज्ञांपुढे जातील, आणि ते काय म्हणतील देव जाणे. कदाचित केंद्र युवराजलाच मिळेल. मिळालं तर वाचून मिळेल, एवढंच मी केलं. इतके दिवस जीव टांगणीला लावून एवढंच.

प्राचार्य माझ्याशी बोलत नाहीत. ग्रंथालयातलं माझं जुनं वाचक कार्ड "तपासणीसाठी" मागून घेतलं. दिलं.

आता तुझ्याकडे काम. कागद आणि गवताचे नमुने पुण्याला पोचले पाहिजेत. पोस्टानं पाठवले तर गवत मोडेल, कॉलेजच्या गाडीनं पाठवले तर काय होईल ते मी लिहीत नाही. तू पुण्याहून येऊन घेऊन जा.

परीक्षक म्हणून नव्हे, आणि कोणापुढे बोलायला म्हणून नव्हे. तुला बोलायला मिळणार नाही, त्याची मीच व्यवस्था केली आहे. अर्जात मला माझे सगळे संबंध उघड करायचे होते. तिसऱ्या कलमात लिहिलं आहे: "तक्त्याची पद्धत ज्यांनी सांगितली ते प्रा. गहिनीनाथ हे माझे सख्खे धाकटे भाऊ आहेत." हे मला इतक्या वर्षांनी सरकारी कागदावर लिहावं लागलं. लिहून पुन्हा एकदा वाचलं.

कॉलेजात जाऊ नकोस. तिथल्या स्टाफरूममध्ये तुझा लेख अजून कोणाच्या तरी खणात आहे. सरळ घरी ये. गेवराईला हायवेवर उतर, रिक्षावाल्याला घुमरे बाई म्हण, तो आणून सोडेल. मंगळवार सोईचा. अफसाना नमुने बांधून इथे आणून ठेवणार आहे.

दुपारी किती वाजता पोचतोस ते कळव. मला भाकरीचं बघावं लागतं. तुला अजून हुलग्याचं माडगं चालतं का, तेही कळव.

अक्का


पोहोच

गेवराई, मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

देणार: विजयमाला घुमरे, निवृत्त ग्रंथपाल.
घेणार: प्रा. गहिनीनाथ, पुणे. (देणाऱ्यांचे भाऊ.)

खालील वस्तू आज घरी, अफसाना शेख यांच्या समक्ष, मोजून हवाली केल्या:

डॉ. युवराज नागरगोजे यांचे सर्व निबंध, एका फाइलीत. ही फाइल त्यांनी स्वतः आणून दिली व चहा न घेता गेले.

डॉ. अफसाना शेख यांचे सर्व निबंध, दुसऱ्या फाइलीत. हरवलेल्या गवताच्या निबंधावर लेखकांची तिन्ही नावं उघडी आहेत, झाकलेली नाहीत.

दोघांचा विषयवार व सालवार हिशेब, मूळ प्रत.

माझ्या अर्जाची प्रत, तिन्ही कलमांसह.

त्या गवताचे वाळवलेले नमुने, दोन फळ्यांमध्ये बांधलेले. आडवे ठेवावेत. वर काही ठेवू नये. उन्हात ठेवू नये.

मोसंबी, एक पिशवी. ही समितीसाठी नाही. खाजामियाँ यांनी "सरांच्या सुकन्याताईंसाठी" म्हणून रिक्षात ठेवली. काढायला सांगितली, काढली नाही.

घेणाऱ्याने सर्व वस्तू तपासून घेतल्या व सही केली. अफसानाने विचारले, "सर, सरासरीचा उपेग काय ते तवा सांगितलं न्हाई तुमी." घेणाऱ्याने नमुन्यांची फळी मांडीवर घेतली आणि पुण्यापर्यंत तशीच धरून नेतो म्हणाले.

शेरा: घेणारा जेवून गेला.

वि. घुमरे